पट्टा ताणला की थांबा

मालाड स्टेशनबाहेरच्या गर्दीत कुत्रा पट्टा ओढू लागला की आपण त्याला हट्टी ठरवतो. खरे तर ओढणे तो आपल्याकडूनच शिकलेला असतो. ज्या कृतीचे फळ चांगले मिळते ती पुन्हा घडते, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. ओढून वडापावच्या गाडीपाशी पोहोचता आले, तर ओढणेच फायद्याचे ठरते. म्हणून पट्टा ताणला की थांबावे, सैल झाला की चालावे आणि कुत्र्याने आपल्याकडे पाहिले की लगेच खाऊ द्यावा. सुरुवात सोसायटीच्या शांत आवारात करावी. रस्त्यावरची कुत्री दिसताच तो खाऊही नाकारत असेल, तर आणखी लांब उभे राहावे. जमू लागले की अंतर हळूहळू कमी करावे.

खाऊ म्हणजे लाच, असा आक्षेप घेतला जातो. पण इथे आधी वागणूक, मग बक्षीस असा क्रम असतो आणि सवय पक्की झाली की खाऊ अधूनमधून दिला तरी पुरतो. हिसका दिला की काम लवकर होते, हेही म्हटले जाते. कुत्रा त्या क्षणी थांबतो, हे खरे. मात्र पोर्तुगालमधील ९२ कुत्र्यांच्या अभ्यासात (२०२०) शिक्षेवर भर देणाऱ्या प्रशिक्षणात तणावाची लक्षणे अधिक दिसली. शिवाय दुसरा कुत्रा दिसताच दरवेळी गळा आवळला गेला, तर त्या कुत्र्याचीच भीती बसू शकते. मालाडच्या गल्ल्यांत अशा भेटी रोजच्याच. तिथे घाबरलेल्या कुत्र्यापेक्षा संयम शिकलेला कुत्रा सर्वांसाठीच सुरक्षित आहे.