अपंगत्व पेन्शन : नकाराचे पत्र म्हणजे शेवट नव्हे

१९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली आणि आपल्या समाजाचे सैन्याशी तुटलेले नाते पुन्हा जुळले. जुन्नर, आंबेगाव तालुक्यांतही सैन्यातून निवृत्त झालेले बांधव आहेत. बँकेत पेन्शनच्या कामानिमित्त असे काही भेटतात, ज्यांच्या ट्रंकेत एक जुने पत्र घडी करून ठेवलेले असते. ‘आजार सेवेमुळे झालेला नाही व सेवेने बळावलेलाही नाही, सबब अपंगत्व पेन्शन नामंजूर,’ असा त्याचा आशय असतो. बहुतेकजण तेथेच थांबतात. वास्तविक तेथून अपिलाची वाट सुरू होते.

धर्मवीर सिंग हे सिग्नल्समधील शिपाई १९९४ साली फेफऱ्याच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्वासह सेवामुक्त झाले. मेडिकल बोर्डाने कारण न देता आजार सेवेशी संबंधित नसल्याचे लिहिले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरावे, पुराव्याचा भार त्याच्यावर टाकू नये आणि संशयाचा फायदा त्यालाच द्यावा, हे या निकालाचे सार होय. २०१४ च्या राम अवतार निकालाने, मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वाढवून धरण्याचा लाभ मिळाला. म्हणजे २० ते ५० टक्क्यांच्या आतील अपंगत्व ५० टक्के धरले जाते.

प्रथम खात्याकडे अपील करावे. तेथे नकार आल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशानंतर अर्जाची मुदत सहा महिने असते. उशीर माफ होऊ शकतो. मात्र फार उशिरा गेल्यास थकबाकी साधारणपणे मागील तीन वर्षांचीच मिळते, हे २००८ च्या तारसेम सिंग निकालाने स्पष्ट झाले. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवा सोडणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

विधवा भगिनींनीही आपली कागदपत्रे तपासावीत. पतीचा मृत्यू सेवेमुळे झाला असे ठरल्यास साधारण कुटुंब पेन्शनऐवजी जादा दराची विशेष कुटुंब पेन्शन मिळते.

डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचे कागद, पेन्शन आदेश व नकाराचे पत्र जपून ठेवावे आणि पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारणा करावी. शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या घरातील व शेजारच्या आजोबांचे असे पत्र एकदा वाचून त्यांना अर्थ समजावून सांगावा. पेन्शन ही भीक नव्हे, तो हक्क आहे. पण मागितल्याशिवाय तो पदरात पडत नाही.