गारगोटीची झिलई आणि फुफ्फुसातली धूळ

पावसाळा सरला की खारघरच्या टेकड्या किंवा पारसिकचा डोंगर फिरून आलेल्या मुलांच्या खिशात हमखास दगड सापडतात. बहुतेक दगड काळेच, पण त्यांत एखादी दुधी, एखादी तपकिरी पट्ट्यांची गारगोटी असते. पाण्यात बुडवली की ती सुंदर दिसते आणि वाळली की पुन्हा मळकट होते. ओल्या दगडाची ती चमक कायम ठेवायची हौस कुणाला झालीच, तर पुढची पायरी घरगुती पॉलिशिंगच्या पिंपाची. नव्या मुंबईतल्या एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत असे पिंप फिरताना दिसले तर नवल वाटू नये. लागणारे सगळे सामान हार्डवेअरच्या आणि भंगाराच्या दुकानांत मिळते.

आधी दगडाविषयी. हा सारा परिसर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि त्यांत झिरपणाऱ्या पाण्याने गारगोटी, अकीक, झिओलाइट अशी खनिजे साठवली. त्यांचे उत्तम नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहायला मिळतात. पिंपात घालायला मात्र यांतली सगळी चालत नाहीत. अकीक आणि गारगोटीची कठीणता मोहच्या मापावर ७ च्या आसपास असते. झिओलाइट त्याहून बरेच मऊ. ज्यावर चाकूने चरा उठतो तो दगड बाजूला ठेवावा, नाहीतर कठीण दगड त्याचा चिखल करतात.

पिंप म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, एका टोकाला कायमचे आणि दुसऱ्याला उघडणारे झाकण. आतून जुन्या टायरच्या ट्यूबचे रबर लावले की आवाज कमी होतो आणि पाइपही टिकतो. हे पिंप बेअरिंगमध्ये बसवलेल्या दोन समांतर दांड्यांवर आडवे ठेवायचे आणि एक दांडी मोटरने फिरवायची. वेग मिनिटाला ५० फेऱ्यांच्या आसपास पुरतो. दांडीची जाडी पिंपाच्या एक चतुर्थांश असेल तर तिला मिनिटाला २०० फेऱ्या घ्याव्या लागतील, हा साधा हिशेब पुली निवडताना विसरला जातो. वेग फार वाढला तर दगड भिंतीला चिकटून नुसते फिरत राहतात, घासले जात नाहीत. ते एकमेकांवरून घसरत खाली आले पाहिजेत.

मोटरच्या बाबतीत काटकसर करू नये. गाडीच्या वायपरची मोटर स्वस्तात मिळते, पण ती आठवडेच्या आठवडे अखंड चालण्यासाठी बनवलेली नसते, तापते. कूलरची मोटर थेट २३० व्होल्टवर चालते आणि इथे शेजारीच पाण्याचे पिंप आहे. त्यापेक्षा सतत चालणारी १२ किंवा २४ व्होल्टची गिअर मोटर आणि चांगला अ‍ॅडाप्टर घ्यावा आणि ज्या प्लगवर तो लावायचा, त्या लाइनवर ईएलसीबी आहे ना, हे पाहावे.

दगड पिंपाच्या दोन तृतीयांशापर्यंत, पाणी दगडांच्या वरच्या थराच्या जरा खाली आणि ठोकळमानाने किलोभर दगडांना चार मोठे चमचे कार्बोरंडमची पूड. पहिला आठवडा भरड, दुसरा मध्यम, तिसरा बारीक आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखी पॉलिशची पूड. म्हणजे महिना गेला. प्रत्येक टप्प्यानंतर दगड आणि पिंप अगदी स्वच्छ धुवायचे, कारण भरड पुडीचा एक कण राहिला तरी शेवटच्या टप्प्यात चरे पडतात. झाकण रोज एकदा सैल करावे, काही दगडांमुळे आत वायू साठतो. आणि रात्रीचा आवाज? निवासी भागात रात्री दहा ते सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. तेव्हा शेजाऱ्यांशी आधी बोललेले बरे.

ही कला नवी नाही. लोथलला हडप्पाकाळात अकीकाचे मणी बनत आणि जवळच्या खंभातमध्ये ती परंपरा आजपर्यंत आली आहे. तिथे पूर्वी मणी, पाणी आणि कुरुंदाची पूड चामड्याच्या पिशवीत भरून माणसे ती दिवसेंदिवस पुढे-मागे लोळवत असत. बाल्कनीतल्या पिंपाचे मूळ तेच.

त्याच खंभातमध्ये या धंद्याची दुसरी बाजूही दिसली. पिशवीत लोळवण्याआधी मण्याला आकार द्यावा लागतो आणि ते काम फिरत्या चाकावर, कोरडे, बहुधा घरातच होत असे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केलेल्या तपासण्यांत घासकाम करणाऱ्यांमध्ये सिलिकोसिस आढळला, आणि जे स्वतः दगड घासत नव्हते अशा आसपासच्या रहिवाशांनाही धुळीची झळ पोचल्याचे दिसले.

अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध स्फटिकरूप सिलिका. आपला नेहमीचा काळा दगड, बेसॉल्ट, याबाबतीत वेगळा आहे; त्यातली सिलिका बहुतांशी इतर खनिजांत बांधलेली असते. सिलिकेचे जे कण डोळ्यांना दिसतात ते फारसे घातक नाहीत, नाकाघशातच अडकतात. घातक असतात ते चार-पाच मायक्रॉनपेक्षा लहान. ते थेट वायुकोषांपर्यंत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. या रहाटगाडग्यात फुफ्फुसात गाठी आणि व्रण तयार होतात. बहुधा दहा-वीस वर्षांनी दम लागू लागतो. झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही. शिवाय क्षयरोगाचा धोका वाढतो. एक्स-रेवर दोन्ही आजार फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसत असल्याने सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयाची औषधे पुन्हा पुन्हा दिली जाण्याचे प्रकारही घडतात. ‘तुम्ही आयुष्यभर काय काम केलंत?’ हा प्रश्न विचारायचा राहून जातो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणच्या स्फटिकरूप सिलिकेला १९९७ मध्येच पहिल्या गटातला कर्करोगकारक ठरवले आहे.

मग बाल्कनीतले पिंप बंद करायचे का? नाही. बंद पिंपात, पाण्याखाली, धूळ हवेत येतच नाही. गडबड होते ती त्याच्या आधी आणि नंतर. मोठा दगड लहान करायला हातातला ग्राइंडर कोरडाच चालवला जातो. तो मोह टाळावा. दगड ओल्या जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडावा, डोळ्यांवर चष्मा असावा. कोरडी पूड मोजताना एन-९५ मास्क लावावा. रुमाल किंवा सर्जिकल मास्क या कणांना अडवत नाही. सांडलेला गाळ वाळू देऊ नये, झाडू तर अजिबात नको, ओल्या फडक्यानेच पुसावा. गाळ बेसिनमध्ये ओतला तर तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्यावा, वरचे पाणी काढून ओला गाळच पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात टाकावा.

खरे तर याहून मोठी धूळ त्याच इमारतीत, शेजारच्या फ्लॅटचे स्वयंपाकघर नव्याने होत असताना उडते. ओट्यासाठीच्या कृत्रिम क्वार्ट्‌झच्या फरशीत अनेकदा ९० टक्क्यांहून अधिक सिलिका असते. ती कापणाऱ्या तरुण कामगारांमध्ये सिलिकोसिस वाढल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदी घातली. इथे ती जिन्यात बसून कोरड्या कटरने कापली जाते आणि कापणाऱ्याच्या तोंडाला गमछा असतो. कटरवर पाण्याची बारीक धार सोडायला घरमालकाने सांगितले, तर त्याला फारसा खर्च येत नाही.

पिंपातला शेवटचा टप्पा साबणाच्या पाण्याचा, काही तासांचा. मग दगड धुऊन पूर्ण वाळू द्यायचे आणि एक पाण्यात बुडवून दुसऱ्या कोरड्याशेजारी ठेवायचा. दोन्ही सारखेच दिसले तर झिलई जमली. कोरडा फिका वाटला, तर बारीक पुडीचा आठवडा पुन्हा करावा लागतो.