धार नसलेली तलवार

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर दोन तलवारी मांडतात. एक पणजोबांच्याही आधीपासून घरात असलेली फिरंग, दुसरी थोरल्या काकांची, पायदळातील अधिकाऱ्याची संचलनाची तलवार. काही वर्षांपूर्वी पूजेच्या वेळी भाचीने दुसरीच्या पात्यावरून बोट फिरवले आणि विचारले, "मामा, हिला धार का नाही?" शोभेची आहे म्हणून, असे मी सांगून टाकले. पण त्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही. तलवार शोभेची होते म्हणजे तिचे नेमके काय होते?

काकांच्या तलवारीचा नमुना मूळचा ब्रिटिश, १८९७ सालचा. तिचे साडेबत्तीस इंची सरळ, अरुंद पाते १८९२ साली ठरले. आधीचे पाते किंचित वक्र होते आणि त्याने वारही धड होत नसे, भोसकताही येत नसे. नवे पाते केवळ भोसकण्यासाठी होते. १८९५ साली मुठीला पोलादी पत्र्याची, वाटीसारखी जाळीदार परज आली आणि तिच्यात राजचिन्ह कोरले गेले. १८९७ साली बदल झाला तो एवढाच, की परजेची अंगाकडची कड खाली दुमडली. त्या कडेने गणवेशाचे कापड घासून विरत असे. आजही ब्रिटिश पायदळातील अधिकारी संचलनात हाच नमुना बाळगतात. थोडक्यात, या शस्त्रातली शेवटची महत्त्वाची दुरुस्ती कोटाच्या कापडासाठी झाली.

मला या प्रश्नाची किल्ली इथे सापडली. सोन्याचा मुलामा युद्धातल्या तलवारींवरही असे. घडवणाऱ्याच्या नजरेसमोरून प्रतिस्पर्धी दूर होतो आणि त्याच्या जागी पाहणारा येतो, तेव्हा तलवार शोभेची होऊ लागते. हा बदल पात्याच्याही आधी म्यानात दिसतो.

कॅप्टन लुई नोलन हा हिंदुस्थानात नोकरी केलेला घोडदळाचा अधिकारी. पुढे १८५४ मध्ये बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यात तो मारला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या घोडदळावरील पुस्तकात त्याने निजामाच्या स्वारांची हकिगत दिली आहे. त्यांच्या तलवारींनी झालेल्या जखमा पाहून तो थक्क झाला. ही कोणती पाती, म्हणून चौकशी केली, तर ती ब्रिटिश घोडदळानेच मोडीत काढलेली जुनी पाती निघाली! स्वारांनी त्यांना देशी मुठी बसवल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार लावली होती आणि त्या लाकडी म्यानांत ठेवल्या होत्या. लढाईखेरीज ते तलवार उपसत नसत. ब्रिटिश स्वाराचे म्यान पोलादी होते. ते चकाके, खणखणे, आणि तलवार काढता-घालताना दर वेळी धार थोडी बोथट करी. कवायत जितकी जास्त, तितकी तलवार बोथट.

परक्या पात्याला आपली मूठ बसवण्याची ही रीत आपल्याकडे जुनीच. फिरंग म्हणजे तेच. नागपूरकर रघुजी भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावात घेऊन परत आणली, तीही फिरंगच आहे. उलट दिशेचीही उसनवारी झाली. १८३१ साली ब्रिटिश सेनापतींसाठी जो नमुना ठरला, त्याची हस्तिदंती मूठ आणि वक्र पाते इजिप्तच्या मामलुकांच्या धर्तीवरचे. फरक हेतूत आहे. मराठा सरदाराने परके पाते घेतले ते चांगल्या पोलादासाठी. ब्रिटिश सेनापतीने परकी मूठ घेतली ती दुरून हुद्दा ओळखू यावा म्हणून, कारण सेनापतीला स्वतः वार करण्याची वेळ क्वचितच येई.

काही गोष्टींचे मूळ मात्र खऱ्या गरजेत आहे. मुठीला लोंबणारा जरीचा गोंडा पूर्वी साधी वादी होता. ती मनगटात अडकवली, की हातून निसटलेली तलवार खाली पडत नसे. खांद्यावरून तिरपा जाणारा सॅम ब्राऊन पट्टा आपण आजही पोलीस अधिकाऱ्यांच्या अंगावर पाहतो. १८५८ च्या लढाईत सॅम ब्राऊन या अधिकाऱ्याचा डावा हात गेला. कमरेला लोंबणारे म्यान डाव्या हाताने सावरावे लागे, ते त्याला जमेना. म्हणून कमरपट्ट्याला खांद्यावरच्या पट्ट्याचा आधार देऊन त्याने म्यान जागच्या जागी स्थिर केले. एका माणसाच्या अपंगत्वावरचा हा इलाज पुढे रुबाबाची खूण झाला.

आणि रुबाबच अंगाशी आला. दक्षिण आफ्रिकेत १८९९ पासून चाललेल्या बोअर युद्धात लांबून अचूक नेम साधणारे बंदूकधारी हातातल्या तलवारीवरून अधिकारी कोण ते हेरू लागले. मग अधिकाऱ्यांनी तलवारी बाजूला ठेवून शिपायांसारख्याच बंदुका खांद्याला लावल्या. दिसण्यासाठी घडलेले शस्त्र नको तिथे दिसले. पहिल्या महायुद्धानंतर पायदळाच्या तलवारीला संचलनाचे मैदानच उरले.

काकांच्या तलवारीवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आहेत. बाकी घडण तीच, कापड जपणारी ती दुमडलेली कडही तशीच. इंग्रजांची ही वस्तू आपण का बाळगावी, असे मी एकदा काकांना विचारले. त्यांनी तलवार हाती घेऊन सलामी करून दाखवली. मूठ तोंडाशी आणली, पाते सरळ उभे, आणि मग हात खाली नेऊन टोक जमिनीकडे झुकवले. म्हणाले, "आता माझ्यावर कोणी चालून आलं, तर मला काही करता येईल का? सलामी म्हणजे एवढंच. ज्याच्या हाती शस्त्र आहे, त्यानं सगळ्यांच्या देखत ते खाली करायचं."

यंदाच्या खंडेनवमीला भाचीने पुन्हा दोन्ही पात्यांना हळदकुंकू लावले. फिरंगीला बोट लागू नये म्हणून कापूस घेतला, काकांच्या तलवारीला सरळ बोटानेच लावले. आता तिला उत्तर देता आले. म्हटले, "ही जुनी आहे ना, ती समोरच्यानं भ्यावं म्हणून घडवलीय. आणि काकांची समोरच्यानं बघावं म्हणून." तिने क्षणभर विचार केला आणि काकांच्या तलवारीचे टोक हलकेच फिरवून भिंतीकडे केले.