वल्ह्याचा सांधा कुठे घ्यावा?

उन्हाळ्यात डिंभे धरणाचं पाणी उतरू लागलं की जुन्या आंबेगावच्या खुणा वर येतात. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते गावच घोड नदीवरच्या या जलाशयात गेलं, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. पाणी कमी झालं की घरांची जोती, देवळांचे दगड, झाडांचे बुंधे पाण्याखाली हातभर अंतरावर येतात. होडी अशा ठिकाणी अडली की माणूस काय करतो? वल्हं दगडाला टेकवतो आणि सगळा नेट लावून होडी मागे रेटतो. पातळ पातं आणि गोल दांडा जिथे भेटतात तिथे वल्ह्याची मान असते. ते मोडतं ते बहुतेक तिथेच. म्हणून होडीत एक जादा वल्हं हवं. ते ठेवायला जागा नसेल तर कापून त्याचे दोन तुकडे करतात आणि वेळ आली की नळीत सरकवून जोडतात.

जुन्नर-आंबेगावात अशी पाणी चढण्या-उतरण्याची ठिकाणं बरीच आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं. त्यांचं पाणी कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं, म्हणजे पावसाळ्यात भरलेला जलाशय मे महिन्यात पार खाली गेलेला असतो. एकट्या डिंभ्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी आहे. इथलं पाणी फक्त शेतीचं नाही. ज्यांची जमीन डिंभ्यात बुडाली त्या आदिवासी कुटुंबांनी पुढे त्याच पाण्यात मासेमारीचा हक्क मिळवला. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. त्यातच २०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. आता कनू आणि कायाक घेऊन येणारी हौशी मंडळीही या पाण्यावर दिसतात.

मासेमार आणि हौशी या दोघांची गरज मात्र एक नाही. मासेमाराच्या उघड्या होडीत दुसरं अख्खं वल्हं तळाशी आडवं टाकता येतं. त्याने ते कापू नये, हे माझं स्पष्ट मत. न कापलेलं लाकूड सांध्यापेक्षा केव्हाही भरवशाचं. कापाकापीचा उद्योग आहे तो पुण्याहून गाडीच्या डिकीत सामान भरून येणाऱ्याचा, मोटारसायकलवर दांडा आडवा बांधून जाणाऱ्याचा, किंवा ज्याच्या कनूत सामान ठेवल्यावर सव्वा मीटरचं काही मावत नाही त्याचा. ग्रीनलंडचे इनुइट शिकारी कायाकच्या पुढच्या भागावर एक आखूड जादा वल्हं बाळगत. जागेचा प्रश्न त्यांनी न कापताच सोडवला होता. आपल्याकडे घरात एखादं लांब वल्हं नुसतं पडून असेल, तर मात्र त्याचे दोन तुकडे करून पाहायला हरकत नाही. लाकडाला चीर किंवा गाठ असेल तर ते बाजूलाच ठेवावं. अडचणीच्या वेळी हाती येणारी वस्तू दुय्यम प्रतीची असून चालत नाही.

पहिला मोह मधोमध कापण्याचा होतो, कारण तुकडे सारखे होतात. तिथेच गफलत होते. कनूच्या वल्ह्याचा एक हात वरच्या मुठीवर असतो आणि दुसरा पात्याच्या जरा वर. पातं पाण्यात रुतलं की खालच्या हातापाशी दांडा सर्वांत जास्त वाकू पाहतो. तिथून वर जावं तसा हा ताण कमी होत मुठीपाशी शून्यावर येतो. वल्हं १४० सेंटीमीटरचं आणि पातं ५० सेंटीमीटरचं धरलं, तर खालचा हात मुठीपासून साधारण ८० सेंटीमीटरवर पडतो. मधोमध, म्हणजे ७० सेंटीमीटरवर कापलं, तर सांध्यावर जवळजवळ पूर्ण ताण येणार, शिवाय जोडणारी नळी नेमकी हाताखाली. मुठीपासून ५० सेंटीमीटरवर कापलं तर ताण साठ टक्क्यांच्या आसपास राहतो. तुकडे लहान-मोठे होतात, पण ९० सेंटीमीटरचा खालचा तुकडाही बहुतेक डिक्यांत मावतो.

कापण्याआधी दांड्यावर पेन्सिलने उभी लांब रेघ ओढावी. पुन्हा जोडताना मूठ आणि पातं एका रेषेत आणायला तीच उपयोगी पडते. बारीक दातांची करवत, कापायच्या जागी चिकटपट्टीचा वेढा, आणि काटकोनात काप. कापलेल्या टोकांना लगेच इपॉक्सी किंवा वॉर्निश पाजावं. आडव्या कापातून लाकूड सर्वाधिक पाणी पितं, फुगतं, आणि नळीत असं अडकतं की दोन माणसांनी ओढूनही सुटत नाही.

नळी किती लांब? दांड्याच्या जाडीच्या निदान तिप्पट प्रत्येक बाजूला. तीस मिलिमीटर दांड्याला दोन्हीकडे दहा-दहा सेंटीमीटर असं माप सोईचं पडतं. प्लॅस्टिकचा शेतीचा पाइप हाताशी असतो, पण तो वाकतो आणि उन्हात ठिसूळ होतो. रेलिंग करणाऱ्याकडे मिळणारा सव्वा इंची स्टेनलेस स्टीलचा पाइप मजबूत असतो. त्यात बसवायला दांडा किंचित तासावा लागतो. नळी एका तुकड्याला इपॉक्सीने कायमची चिकटवायची, दुसरा त्यात सरकवायचा. चिकटवण्याआधी धातू पॉलिश पेपरने आतून खरवडून घ्यावा, गुळगुळीत स्टीलला इपॉक्सी धरत नाही.

कायमची कुठल्या तुकड्याला? वरच्या. मंगलोरी कौलं जशी वरचं खालच्यावर चढवून बसवतात, तशी नळी वरून खाली झाकलेली असली की हातावरून ओघळणारं पाणी आणि बारीक रेती सांध्यात उतरत नाही. पण इथे एक पेच आहे. स्टीलची वीस सेंटीमीटर नळी दोनशे ग्रॅमच्या घरात जाते. सागवानी दांड्याच्या अर्ध्या मीटरच्या तुकड्याला ती चिकटवली की तो तुकडा पाण्यात बुडतो. अ‍ॅल्युमिनियमची तेवढीच नळी साधारण एक तृतीयांश वजनाची असते, ती लावली तर तरंगतो. माझी पसंती अ‍ॅल्युमिनियमला, भिंत थोडी जाड घेऊन. धरणावर जाण्याआधी दोन्ही तुकडे पाण्याच्या टाकीत टाकून पाहावेत.

सांधा फिरू नये म्हणून खीळ लागते. ट्रॅक्टरच्या अवजारांना असते तशी छोटी लिंच पिन शेती-अवजारांच्या दुकानात मिळते. सहा मिलिमीटरची पुरे. भोक पाडण्याची दिशा इथे फार महत्त्वाची. दांडा वाकतो तेव्हा एक बाजू ताणली जाते, समोरची दाबली जाते, आणि मधला थर जवळजवळ निवांत असतो. भोक पात्याच्या सपाटीला समांतर, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे पाडलं तर ते या निवांत थरातून जातं. पात्याच्या तोंडाकडून पाठीकडे पाडलं तर त्याची दोन्ही तोंडं नेमकी सर्वाधिक ताणाच्या जागी उघडतात, आणि दांडा तिथूनच तडकतो. भोकाच्या आतल्या लाकडालाही इपॉक्सी लावावी. पिन दोरीने दांड्यालाच बांधून ठेवावी, नाहीतर ती हमखास पाण्यात जाते.

सरकणाऱ्या टोकाला मेणबत्ती घासली की काम भागतं. तेल-ग्रीसला रेती चिकटते. दोन्ही तुकडे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बाकाखाली बांधावेत, पण अशा रीतीने की एका हाताने ओढले तर सुटतील. आणि मोसमाच्या सुरुवातीला, काठाजवळ, ओल्या हातांनी, होडी हलत असताना ते जोडून बघावेत. काठावर सहज होणारं काम वळवाच्या वाऱ्यात होडी आडवी फिरू लागल्यावर तितकं सहज होत नाही.