फवारतो ते औषध की जहर?



उंदराला घालतो ते जहर आणि पिकावर मारतो ते मात्र औषध! अचलपूर तालुक्यात कोणत्याही धुऱ्यावर उभे राहून विचारा, "काय करून राह्यले भाऊ?" उत्तर येते, "औषध मारून राह्यलो." शब्द गोड आहे, पण घात करतो. औषध म्हटले की भीती जाते. मग डबा घरातल्या फळीवर बसतो, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकले जाते आणि त्याच हाताने भाकरी खाल्ली जाते.

2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. माणसाहून उंच वाढलेली कपाशी, दमट उष्णता, दोन-तीन कीटकनाशकांचे एकत्र मिश्रण, अंगावर पुरेसे कपडे नसणे, अशी अनेक कारणे पुढे आली. पण ज्याला आपण औषध समजतो, त्यापासून अंग झाकावे असे वाटणार तरी कसे?

कायद्याने डब्यावर इशारा छापलेला असतो. 1971 च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे चौकटीतल्या त्रिकोणाचा रंग विषाची पायरी सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल त्रिकोणावर कवटीचे चित्रही असते. हिरवा म्हणजे निर्धोक, असा समज कोणी करून घेऊ नये. पत्रकावर मजकूरही असतो, पण अक्षर इतके बारीक की चष्मा लावूनही वाचवत नाही. कागद म्हणतो विष, तोंड म्हणते औषध. माणूस तोंडाचे ऐकतो.

मेळघाटातून मजुरीला उतरणाऱ्या कोरकू बांधवांची अडचण याहून मोठी. त्यांची बोली मराठीपेक्षा अगदी निराळ्या कुळातली. त्यांच्यातल्याच एखाद्या जाणत्याकडून त्यांच्या बोलीत समजावून घ्यावे आणि रंग व कवटी बोटाने दाखवावी.

ही रीत आपल्याला नवी नाही. शेंडगावचे गाडगेबाबा स्वच्छतेचे आणि दारूबंदीचे सांगणे पोथीच्या भाषेत सांगत नव्हते. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यालाच प्रश्न विचारीत आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेत. आपणही पंप भरण्याआधी मजुराला विचारावे, "या डब्यात काय हाय गा?" तो "जहर" म्हणेपर्यंत पंप त्याच्या पाठीवर देऊ नये.

दवाखान्यातही शब्दाने वेळ जातो. "काय झालं?" "औषध लागलं." "कोनतं?" "हिरव्या झाकनाचं." एवढ्यावर डॉक्टरांनी काय करावे? काही फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांवर ॲट्रोपिन चालते, पॅराक्वाट या तणनाशकावर तर खास उतारा नाही. म्हणून भोवळ, मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे काही वाटले की फवारणी थांबवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि डबा किंवा त्यावरचे लेबल घेऊनच दवाखाना गाठा.

उसावर खोडकिडीसाठी फवारा की तणासाठी, आजपासून घरात आणि शेतात त्याला जहरच म्हणा. पोराबाळांच्या कानावर तोच शब्द पडू द्या. खर्च काही नाही, पण एखादे घर उघडे पडण्यापासून वाचेल.