पुडीने गुण येतो तेव्हा

रायपूरचा तात्यापारा ही मराठी मंडळींची जुनी वस्ती आहे. छत्तीसगडी बोलीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत या मुलखाशी मराठी माणसाचा संबंध जडला आणि १९५६ सालापर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात असल्याने तो टिकूनही राहिला. सोयरिकीची बोलणी जशी नागपूरकडे चालत, तसे मोठे दुखणेही आगगाडीत बसून नागपूरलाच जाई. पुढे १९६३ साली रायपुरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले. २०१२ साली एम्सही आले. आता तज्ज्ञ डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर आहेत. असे असूनही सांधे धरू लागले म्हणजे पहिला सल्ला मिळतो तो बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा. हिंदीत ज्याला ‘गठिया’ म्हणतात त्या दुखण्यावर अमुक गावचा एक माणूस पुड्या देतो; सकाळी एक, रात्री एक; आठ दिवसांत माणूस चालू लागतो!

आणि माणूस खरोखरच चालू लागतो, हे आधी मान्य केले पाहिजे. पुडीने गुण आला नसता तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारणच उरले नसते. ज्या आजींना पहाटे वेणी घालता येत नव्हती, कुलपात किल्ली फिरवता येत नव्हती, त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोळ्या लाटू लागतात. भूक वाढते, चेहरा भरतो, घरची माणसे म्हणतात की तब्येत सुधारली. इतक्या थोड्या अवधीत इतका उतार पडला, तर पुडीत काय असावे याचा जाणत्या डॉक्टरला लगेच संशय येतो. जडीबुटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या चूर्णांत व गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे आपल्या देशात तपासणीअंती वेळोवेळी उघड झाले आहे.

स्टिरॉइड हे काही विष नव्हे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचे असेच एक द्रव्य रक्तात सोडीत असतात. ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी शरीर तग धरते ते बऱ्याच अंशी त्याच्या बळावर. त्याच जातीचे द्रव्य औषध म्हणून कसे आले, याची हकीगत मोठी मनोवेधक आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी १९२९ साली पाहिले की, कावीळ झालेल्या एका रुग्णाचे जुने सांधे दुखायचे थांबले आहेत. पुढे गरोदर स्त्रियांतही त्यांना तोच प्रकार आढळला. शरीर स्वतःच सांध्यांवरचे औषध तयार करीत असले पाहिजे, असा तर्क त्यांनी बांधला. त्याच संस्थेत रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल अधिवृक्क ग्रंथींतील द्रव्ये एकेक करून वेगळी काढीत होते. त्यांतील एकाचे, म्हणजे पुढे ‘कॉर्टिसोन’ म्हणून गाजलेल्या द्रव्याचे पहिले इंजेक्शन २१ सप्टेंबर १९४८ रोजी एका २९ वर्षांच्या स्त्रीला देण्यात आले. तिला अंथरुणात कूस बदलणेही कठीण झाले होते. आठवडाभरात ती बाजारात जाऊन खरेदी करून आली. १९४९ साली डॉक्टरांच्या सभेत अशा रुग्णांचा चित्रपट दाखविण्यात आला आणि १९५० साली हेंच, केंडल व स्वित्झर्लंडचे राइकस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र त्याच एक-दोन वर्षांत नाण्याची दुसरी बाजूही दिसून आली. औषध थांबविले की दुखणे परत येई. चालू ठेवले तर चेहरा चंद्रासारखा वाटोळा होई, अंगावर सूज चढे, कोणाचे मन भ्रमिष्ट होई. हेंच यांनी आरंभापासूनच सावधगिरीचा इशारा दिला होता. तो ऐकण्याच्या मनःस्थितीत त्या वेळी फारसे कोणी नव्हते.

असे का व्हावे? आमवात हा शरीराच्या रक्षक शक्तीचा रोग आहे. ती शक्ती चुकून आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजते आणि हळूहळू हाड कुरतडले जाते. स्टिरॉइड ही सूज झपाट्याने दाबते, हाडाची हानीही काही प्रमाणात कमी करते. परंतु ज्या शक्तीला ते आवरते, तीच शक्ती जंतूंशीही लढत असते. शिवाय ते केवळ सांध्यापुरते काम करीत नाही. साखर, रक्तदाब, हाडे, डोळे, त्वचा, झोप या सगळ्यांवर त्याचा अंमल चालतो.

येथे पुणे जिल्ह्यातील भिगवणची आठवण ठेवण्यासारखी आहे. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली या गावी घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्यांची पाहणी केली. प्रौढ माणसांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे वा स्नायू यांचे काही ना काही दुखणे होते. आमवात मात्र दोनशे जणांत एखाद्यालाच निघाला. याचा अर्थ काय होतो, तो पाहावा. पुडीवाल्याच्या ओसरीवर बसलेल्यांपैकी बहुतेकांचे दुखणे झिजलेल्या गुडघ्यांचे, श्रमाने आखडलेल्या कमरेचे असणार. त्यांना महिनोन्‌महिने स्टिरॉइड खाण्याची मुळी गरजच नसते. जोखीम मात्र ते पुरेपूर पत्करतात.

याच्या उलट टोकालाही माणसे जातात. ‘स्टिरॉइड’ हा शब्द कानी पडताच डॉक्टरने लिहून दिलेली गोळी गुपचूप बाजूला ठेवणारे रुग्ण काही कमी नाहीत. ही भीतीही घातक ठरू शकते. पन्नाशी उलटलेल्या माणसाची कानशिले एकाएकी ठणकू लागली, घास चावताना जबडा दुखू लागला आणि दृष्टीपुढे अंधारी येऊ लागली, तर तो डोक्याच्या रक्तवाहिन्यांच्या सुजेचा रोग असू शकतो. तेथे त्याच दिवशी मोठ्या मात्रेत स्टिरॉइड सुरू केल्यास डोळे वाचतात. चार दिवस विचार करीत बसल्यास ते कायमचे जाऊ शकतात. तरुण स्त्रियांना अधिक होणारा ल्यूपस हा रोग मूत्रपिंडांवर घाला घालतो, तेव्हाही हेच औषध हाताशी घ्यावे लागते. उतारवयात दोन्ही खांदे व मांड्या सकाळी लाकडासारख्या होण्याचा एक विकार आहे. त्यात दररोज १५ मि.ग्रॅ.च्या आसपास प्रेडनिसोलोन दिल्यास काही दिवसांतच फरक दिसतो.

आमवातात त्याचे काम पुलासारखे आहे. या रोगाला खऱ्या अर्थाने आळा घालणारे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर रुग्णाने कण्हत बसू नये म्हणून थोड्या मात्रेत स्टिरॉइड द्यावे आणि जमेल तितक्या लवकर उतरवीत बंद करावे, असे युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ सालच्या शिफारशींत सांगितले आहे. (मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकच दिवस घ्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. वृद्ध माणसांच्या गोळ्या घरातील दुसऱ्या कोणी तरी मोजून द्याव्यात, हे बरे.) त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत ६५ वर्षांवरील आमवाती रुग्णांना दोन वर्षे रोज अवघे ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन देण्यात आले. त्यांची सांधेदुखी कमी झाली, सांध्यांची नासाडीही कमी झाली. पण त्यांच्यात जंतुसंसर्ग अधिक आढळले. लहान मात्रेलाही मोल द्यावे लागते ते असे.

मात्रा मोठी आणि मुदत लांबली की हे मोल वाढत जाते. मधुमेह नव्हता तेथे साखर वाढते; होता तेथे ती अनावर होते. पाठीचे मणके इतके विरळ होतात की पाण्याची बादली उचलतानाही मणका दबतो. मोतीबिंदू लवकर येतो, कातडी पातळ होऊन जराशा धक्क्याने काळीनिळी पडते, मांडीच्या हाडाचा गोल रक्ताअभावी मरू शकतो. आपल्या देशात तर क्षयाचे जंतू कित्येकांच्या शरीरात निद्रिस्त असतात. स्टिरॉइडच्या छायेत ते जागे होतात. मे २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणून जो रोग पसरला, तो वाचक विसरले नसतील. रायपूरच्या एम्समध्येही तेव्हा असे रुग्ण दाखल झाले होते. अनावर मधुमेह आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर यांच्या जोडीने त्या बुरशीला वाट करून दिली. योगायोग असा की, त्या रोगास बहुतेक वेळा कारण होणारी बुरशी ‘ऱ्हायझोपस’ कुळातील असते. आणि १९५२ साली अमेरिकेत पीटरसन व मरे या शास्त्रज्ञांनी याच कुळातील बुरशीकडून स्टिरॉइडच्या रासायनिक घडणीतील एक अवघड टप्पा करून घेतला, म्हणून तर हे महागडे औषध स्वस्त होऊ शकले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या घरी कोणी अशा पुड्या वर्षानुवर्षे घेत असेल, तर हे वाचून त्या आजच केरात टाकण्याची घाई करू नये. बाहेरून आयता पुरवठा होऊ लागला की अधिवृक्क ग्रंथी आपले काम सोडून देतात आणि सुकत जातात. पुरवठा एकदम तुटला तर त्या चटकन जाग्या होत नाहीत. मग अतोनात थकवा, ओकाऱ्या, पोटदुखी, रक्तदाब घसरून येणारी मूर्च्छा आणि वेळीच उपाय न झाल्यास मृत्यूही. पुडी, तिचा कागद, उरलेल्या गोळ्या, जे असेल ते घेऊन रुग्णाला डॉक्टरकडे न्यावे आणि किती दिवसांपासून घेतो ते न लाजता सांगावे. डॉक्टर ओळखीचे स्टिरॉइड मोजक्या मात्रेत सुरू करून ते आठवड्या-आठवड्यांनी, कधी महिन्या-महिन्यांनी उतरवतील. पुडीत काय आहे हे कोणी सांगत नसले तरी शरीर सांगते. चेहरा वाटोळा, मानेमागे मांसाचा उंचवटा, पोट सुटलेले पण हातपाय काटकुळे, पोटावर जांभळे पट्टे, ही लक्षणे दिसली की समजून घ्यावे.

छत्तीसगड आणि विदर्भ येथील वाचकांसाठी आणखी एक सूचना आवश्यक वाटते. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग पुष्कळ आढळतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. लहान मुलाचे असे दुखणे ‘गठिया’ समजून स्टिरॉइड दिले जाण्याचा धोका असतो. क्षणभर उतार पडतो; औषध थांबताच त्याहून तीव्र कळांचा झटका येऊ शकतो. मांडीच्या हाडाचा गोल मरणे हा सिकलसेलचाही उपद्रव आहे, आणि स्टिरॉइडने त्यात भरच पडते. म्हणून मुलाचे सांधे वारंवार दुखत असतील तर आधी रक्ताची ही साधी तपासणी करून घ्यावी. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून तीत अशा तपासण्या केल्या जातात.

डॉक्टरने स्टिरॉइड दिले असेल तर नाव, मिलिग्रॅम आणि किती दिवस, या तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. गोळी इवलीशी आहे म्हणून ती सौम्य समजू नये. डेक्सामेथासोनचे पाऊण मि.ग्रॅ. हे प्रेडनिसोलोनच्या ५ मि.ग्रॅ.ची बरोबरी करते. गोळी सहसा सकाळी, काही खाऊन घ्यावी. लांब मुदतीसाठी असेल तर साखर, रक्तदाब व डोळे तपासून घ्यावेत आणि हाडांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाविषयी विचारावे. आणि रुग्ण स्टिरॉइड घेतो आहे एवढी एक ओळ, मात्रेसह, कागदावर लिहून त्याच्या पाकिटात किंवा बटव्यात ठेवावी. अपघात झाला वा एकाएकी शस्त्रक्रियेची वेळ आली आणि रुग्णाला बोलता आले नाही, तरी ती चिठ्ठी वाचून डॉक्टरला मात्रा वेळीच वाढवता येते.