ऐंशी लाखांत एक चूक : मुंबईचे डबेवाले आणि व्यवस्थापनशास्त्राचे संशोधन

बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड ही मुंबई उपनगरातील स्थानके सकाळी नोकरदारांच्या गर्दीने भरून जातात. ही गर्दी थोडी ओसरू लागली, की पांढऱ्या टोप्या घातलेली माणसे सायकलींवरून आणि डोक्यावरील लांबट लाकडी पाट्यांतून जेवणाचे डबे घेऊन फलाटावर येतात. बोरिवली ते चर्चगेट हे अंतर सुमारे ३४ किलोमीटर, तर मुलुंड ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे सुमारे ३१ किलोमीटर आहे. घरचे जेवण एवढे अंतर ओलांडून दुपारच्या सुटीपूर्वी कचेरीत पोचते आणि रिकामा डबा संध्याकाळच्या आत घरी परत येतो. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही सेवा आज जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी दिली जाते.

या अभ्यासातून एक आकडा सर्वतोमुखी झाला आहे. ऐंशी लाख डब्यांमागे केवळ एक चूक होते आणि म्हणून या सेवेस ‘सिक्स सिग्मा’ दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले आहे, असे भाषणांतून व पाठांतून वारंवार सांगितले जाते. या आकड्याचा उगम कोठे झाला, हे पाहणे मोठे उद्‌बोधक आहे.

आकड्याचा जन्म

१९९८ साली अमेरिकेतील ‘फोर्ब्स’ नियतकालिकात डबेवाल्यांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक सुब्रत चक्रवर्ती यांनी पुढे संशोधक गौरी पाठक यांना पाठविलेल्या पत्रात त्यामागील हकीकत स्पष्ट केली. त्या वेळी दररोज सुमारे पावणेदोन लाख डब्यांची ने-आण होत असे. चुका किती होतात, असे त्यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारले. जवळजवळ होतच नाहीत, दोन महिन्यांत एखादी होत असेल, असे उत्तर मिळाले. लेखकाने त्यावरून हिशेब मांडला, तो ऐंशी लाख डब्यांमागे एक चूक असा आला. परतीचा प्रवास धरल्यास हेच प्रमाण एक कोटी साठ लाखांमागे एक असे होते.

‘सिक्स सिग्मा’ हा शब्द आपण वापरलाच नव्हता आणि फोर्ब्सने असे कोणतेही प्रमाणपत्र दिलेले नाही, असेही त्यांनी नमूद केले. एका परिषदेतील प्रश्नोत्तरांवरून एका वार्ताहराने तसे लिहिले आणि पुढे इतरांनी ते उचलले, असे त्यांच्या कानावर आले होते. अशा रीतीने एका प्रामाणिक माणसाच्या अंदाजाचे प्रथम गणित झाले आणि मग त्या गणितालाच प्रमाणपत्राचे रूप आले.

मोजमाप म्हणजे काय?

‘सिक्स सिग्मा’ ही मुळात कारखान्यातील दोष कमी करण्याची पद्धत होय. दहा लाख संधींमागे ३.४ हून अधिक दोष नसावेत, असा तिचा सर्वसाधारण निकष सांगितला जातो. परंतु या पद्धतीचा गाभा त्या आकड्यात नाही. दोष कशास म्हणावे हे आधी ठरविणे, प्रत्येक दोषाची नोंद ठेवणे, त्याचे कारण शोधणे आणि ते दूर करणे, हा तिचा खरा क्रम आहे.

ऐंशी लाखांत एक हे प्रमाण तपासून पाहावयाचे ठरविले, तर काय करावे लागेल? एका निरीक्षकाने रोज एक हजार डब्यांवर लक्ष ठेवले आणि वर्षातून तीनशे दिवस काम केले, तर वर्षाकाठी त्याच्या नजरेखालून तीन लाख डबे जातील. ऐंशी लाखांचा टप्पा गाठण्यास त्याला सव्वीस वर्षांहून अधिक काळ लागेल आणि तेव्हाही एखाद्याच चुकीची नोंद झालेली असेल. शिवाय उशिरा पोचलेला डबा ही चूक मानावयाची, की भलत्याच्या हाती पडलेलाच डबा चुकीत धरावयाचा, हेही आधी ठरवावे लागेल.

याचा अर्थ डबेवाले चुका करतात असा मुळीच नव्हे. ही सेवा असामान्य विश्वासार्ह आहे, याची साक्ष पिढ्यान्‌पिढ्यांच्या ग्राहकांनी दिली आहे. मात्र विश्वासार्हता ही एक गोष्ट आणि मोजलेले प्रमाण ही दुसरी, हा भेद संशोधनात पाळावा लागतो.

अभ्यासकांना काय आढळले?

आकड्यापलीकडे जाऊन या सेवेची रचना समजून घेण्याचे काम काही अभ्यासकांनी केले आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्रा. एन. रविचंद्रन यांनी २००५ साली तिच्या वाहतूक-व्यवस्थेचा अभ्यास मांडला. २०१० साली हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्रा. स्टेफान थॉमके यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संघटना, व्यवस्थापन, कार्यपद्धती आणि संस्कृती या चार गोष्टी परस्परांस पूरक असल्यानेच ही सेवा टिकून आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

वाहतुकीच्या दृष्टीने पाहता, डब्याच्या झाकणावरील खुणा हा या व्यवस्थेचा कणा आहे. मधला ठळक अंक डबा कोणत्या भागात पोचवावयाचा ते दर्शवितो. कडेच्या खुणांवरून पोचविणारा माणूस, इमारत व मजला समजतो, तर रंग व आकृती यांवरून डबा कोणत्या स्थानकाकडून आला ते कळते. घराचा पत्ता मात्र झाकणावर नसतो, कारण तो रोज डबा नेणाऱ्याला पाठ असतो. मधल्या स्थानकांवर गाडी वीस सेकंद थांबते. तेवढ्या वेळात पाट्या चढवावयाच्या म्हणजे खुणेत एकही अनावश्यक अक्षर असून चालत नाही.

वित्तव्यवस्थाही तितकीच साधी आहे. सुमारे पंचवीस जणांचा एक गट असतो व त्याचा कारभार अनुभवी मुकादम पाहतो. प्रत्येक गट आपल्या जमाखर्चापुरता स्वतंत्र असतो आणि खर्च वजा जाता उरलेले उत्पन्न सभासदांत वाटले जाते. गटात दोन-तीन माणसे जादा ठेवलेली असतात, त्यामुळे एखादा आजारी पडला तरी काम अडत नाही. विपणनाचा खर्च जवळजवळ नाहीच, कारण जुन्या ग्राहकाच्या शब्दावरच नवा ग्राहक मिळत आला आहे.

या सर्वांच्या मुळाशी असलेल्या नीतीकडे इटलीच्या मानववंशशास्त्रज्ञ सारा रोन्काल्या यांनी लक्ष वेधले. त्यांचा ग्रंथ २०१३ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. बहुतेक डबेवाले खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, मुळशी, अकोले अशा तालुक्यांतून आलेले आहेत. गावचे नाते, वारकरी परंपरेचा संस्कार आणि अन्न पोचविणे हे पुण्यकर्म होय ही भावना, यांतून येणारी शिस्त नियमावलीने निर्माण करता येत नाही. म्हणूनच या सेवेची नक्कल अन्यत्र करणे कठीण आहे. त्याच कारणामुळे बाहेरच्यांना, विशेषतः स्त्रियांना, या व्यवसायात फारसा वाव मिळालेला नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

आकड्याने जे झाकले

मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे उपनगरी गाड्या सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या व कचेऱ्याही ओस पडल्या. डबेवाल्यांचे कामही थांबले. त्यांना मालक नाही, त्यामुळे ठरलेला पगारही नव्हता. अनेकजण गावी परतले आणि त्यांतील सर्वजण पुन्हा या कामावर आले नाहीत. घरून काम करण्याची पद्धत रूढ झाल्याने ग्राहकांची संख्याही पूर्वीसारखी राहिली नाही. लोकलची नियमित धाव आणि कचेरीतील रोजची हजेरी या दोन आधारांवर ही सेवा उभी होती. बिनचूकपणाचा आकडा कौतुकाने सांगितला जात असताना हे दोन आधार निखळले तर काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

शासकीय अहवाल, शाळेची पटनोंदणी, गावातील टँकरच्या फेऱ्या अशा सर्वच कामांत असे आकडे येत असतात. कोणताही आकडा पुढे पाठविण्यापूर्वी तो कोणी मोजला, काय मोजले आणि किती काळ मोजले, हे तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. ग्रामपंचायतीचा सदस्य किंवा वर्गातील विद्यार्थीही ते विचारू शकतो. डबेवाल्यांच्या कर्तृत्वाला याने यत्किंचितही उणेपणा येत नाही. त्यांचा मोठेपणा रोज वेळेवर पोचणाऱ्या डब्यात आहे आणि त्याला उसन्या प्रमाणपत्राची गरज नाही.